आपल्या मापाचं पॅराशूट

स्कायडायव्हिंगचं लायसन्स हातात पडलं की पहिला मोह होतो तो स्वतःची रिग, म्हणजे पाठीवरचा पॅराशूटचा सगळा संच, घ्यायचा. ते साहजिकच आहे. भाड्याची रिग दर वेळी वेगळी मिळते, पट्टे दुसऱ्याच कुणाच्या अंगाला बेतलेले असतात आणि विद्यार्थ्यांच्या अवाढव्य कॅनपीखाली (कॅनपी म्हणजे पॅराशूटचं उघडलेलं कापड) तरंगताना छोट्या, रंगीत कॅनप्या आपल्याला मागे टाकून सरसर खाली जाताना दिसतात. त्यांच्यासारखं उतरावंसं वाटतं. मग इंटरनेटवर सेकंडहँड सामान शोधणं सुरू होतं, पैशांची जुळवाजुळव होते, आणि एका संध्याकाळी झालेला निर्णय पुढची कित्येक वर्षं पाठीवर वागवावा लागतो.

मी ॲरिझोनात राहते. शनिवार-रविवार बहुतेक इलॉयच्या ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्या मारायच्या मैदानावर, जातात. फिनिक्स आणि टूसॉनच्या मधलं हे वाळवंटातलं गाव. पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे वर्षभर उड्या चालतात. हल्ली इथे मराठी मुलंमुलीही भेटतात. कुणी दुबईत टँडेम, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून मारायची उडी, करून आलेलं असतं, कुणी इथे शिकायला येऊन या खेळात पडलेलं असतं. सामान घ्यायची वेळ आली की ती मला विचारतात, आणि बहुतेकांचे प्रश्न रंग, कंपनी आणि किंमत यांभोवती असतात. साइझचा प्रश्न शेवटी येतो, तोही "ही चालेल ना गं?" अशा सुरात. मला वाटतं तोच पहिला आणि सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

घरच्यांचा प्रश्न वेगळा असतो. "आणि उघडलंच नाही तर?" माझी आई अजून विचारते. तिला मी खरं ते सांगते: पाठीवर दोन पॅराशूट असतात, एक नेहमीचं, म्हणजे मेन, आणि दुसरं राखीव, म्हणजे रिझर्व्ह; हे दुसरं सरकारमान्य रिगरने (पॅराशूटच्या तंत्रज्ञाने) घडी घालून सील केलेलं असतं, आणि मी बेशुद्ध पडले तरी ते उघडायला एक यंत्र आहे. अमेरिकेत 2023 साली सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि त्यांत 10 माणसं गेली. 1970च्या दशकात उड्या याहून खूपच कमी होत, तरी वर्षाला सरासरी चाळीसच्या वर माणसं मरत. सामान सुधारलं, हे या फरकामागचं एक मोठं कारण. आईला मी एक गोष्ट सांगत नाही, ती इथे सांगते. आता जी माणसं जातात त्यांतली बरीचशी पूर्ण उघडलेल्या, अगदी नीट उडणाऱ्या कॅनपीखाली जातात.

ते कसं होतं ते समजून घ्यायला हवं. आजची कॅनपी गोल नसते. ती चौकोनी, पुढून हवा भरणाऱ्या कप्प्यांची असते. डोमिना जॅल्बर्ट नावाच्या माणसाने 1964 साली ही कल्पना काढली. ते खरं म्हणजे कापडाचं पंख आहे, आणि पंख म्हटल्यावर ते पुढे जातं, वळतं आणि वळताना उंची गमावतं. एका बाजूचा टॉगल, म्हणजे वळवायच्या दोरीची मूठ, खाली ओढला की कॅनपी त्या बाजूला झुकते, माणूस लंबकाप्रमाणे बाहेर फेकला जातो आणि सगळंच जमिनीकडे सूर मारतं. कॅनपी जितकी छोटी तितका हा सूर खोल आणि वेगवान. हजार फुटांवर हे केलं तर मजा येते. शंभर फुटांवर समोर अचानक कुंपण दिसलं, आडवा येणारा दुसरा जंपर दिसला, आणि घाबरून टॉगल कमरेपर्यंत ओढला, तर कॅनपी पुन्हा डोक्यावर यायच्या आत जमीन येते. इथे रिझर्व्ह कामाचं नाही, यंत्र कामाचं नाही. कॅनपी मोठी असती तर त्याच चुकीत घोटा मोडला असता.

म्हणून विंग लोडिंगचा, म्हणजे कॅनपीच्या दर चौरस फुटावर किती भार येतो त्याचा, हिशोब. विमानाबाहेर पडताना अंगावर कपड्यांसकट, रिगसकट जेवढं वजन असतं ते पाउंडांत घ्यायचं आणि कॅनपीच्या चौरस फुटांनी भागायचं. 75 किलोचा माणूस, त्यावर 12 किलोचं सामान, म्हणजे 87 किलो, सुमारे 192 पाउंड. 230 चौरस फुटांच्या कॅनपीखाली हा आकडा येतो 0.83. 190 खाली 1.01. 150 खाली 1.28. कागदावर हे फरक किरकोळ दिसतात. हवेत 0.83 आणि 1.28 ही दोन वेगळी यानं आहेत. नुकतं लायसन्स मिळालेल्या माणसाने एकच्या खाली राहावं, असं मी स्पष्ट सांगते. कुणी म्हणालं की "तू पटकन शिकतेस, तुला चालेल", तर त्याला तुमचं लँडिंग किती वेळा आणि कुठल्या वाऱ्यात बघितलं आहे ते विचारा.

आपल्याकडच्या मुलींसाठी, आणि एकूणच हलक्या अंगाच्या माणसांसाठी, यात आणखी एक गोम आहे. माझं वजन 62 किलो, रिगसकट 73, म्हणजे 161 पाउंड. 135 फुटांच्या कॅनपीखाली माझा आकडा 1.19 येतो, जो धिप्पाड माणसाच्या हिशोबात मध्यम वाटतो. पण छोट्या कॅनपीच्या दोऱ्या आखूड असतात. दोऱ्या आखूड म्हणजे लंबक आखूड, आणि आखूड लंबक झटक्यात फिरतो. तोच 1.19 आकडा 200 फुटांच्या कॅनपीखाली सुस्त वाटेल आणि 135 खाली अंगावर येईल. हलकी आहेस म्हणून छोटी घे, हा सल्ला मला मिळाला होता, तो मी घेतला नाही, आणि तो देणाऱ्याला हे गणित ठाऊक नसावं असं मला आजही वाटतं. मी बराच काळ 190 वर राहिले आणि तिथे मला जे शिकायला मिळालं ते मी कुठल्याच छोट्या कॅनपीवर शिकू शकले नसते.

कॅनपी घेताना डोळ्यांसमोर चांगला दिवस आणू नका. मंद वारा, मोकळं मैदान, ताजंतवानं अंग असताना बहुतेक सगळ्यांना सगळ्याच कॅनप्या उतरवता येतात. डोळ्यांसमोर आणायचा तो दिवस असा: विमानाने चुकीच्या जागी सोडलंय, ड्रॉपझोनपर्यंत पोचणं शक्य नाही, खाली विजेच्या तारा आणि नांगरलेलं शेत आहे, वाऱ्याची दिशा कळत नाही आणि ही दिवसातली शेवटची उडी आहे. त्यात उन्हाळा. इलॉयला जून-जुलैत पारा चाळिशीच्या पुढे असतो. तापलेली हवा विरळ होते, त्यामुळे तीच कॅनपी हिवाळ्यापेक्षा जास्त वेगाने येते. हिवाळ्यात तिच्यावर हात बसलेला माणूसही उन्हाळ्यातल्या पहिल्या लँडिंगला चकतो. आपल्याकडे मध्य प्रदेशात किंवा हरियाणात एप्रिल-मेमध्ये उडी मारणाऱ्यांनाही हे तंतोतंत लागू आहे.

आणि मग साइझ कमी कधी करायची? आहे त्याच कॅनपीवर काही गोष्टी हुकमी यायला लागल्या की. उंची फारशी न गमावता सपाट वळण घेणं. अर्धे ब्रेक लावून, म्हणजे दोन्ही टॉगल अर्धे ओढून ठेवून, वळणं आणि तसंच उतरणं. आडव्या वाऱ्यात उतरणं, आणि नाइलाज झाला तर वारा पाठीवर घेऊन सरळ उतरणं, कारण खालच्या उंचीवर वाऱ्याकडे तोंड करायच्या हट्टापायी वळणं हे पाठीवर वारा घेऊन उतरण्यापेक्षा कितीतरी वाईट. पाय जुळवून लोळण घेत पडणं, ज्याला पीएलएफ म्हणतात, तेही यायला हवं. पहिल्या दिवशी जमिनीवर शिकवलेली ही लोळण बहुतेक जण विसरतात. मी पावसाळी ढग असल्यामुळे विमान बंद असेल त्या दिवशी हिरवळीवर तिचा सराव करते आणि इतरांनाही ओढून नेते.

आता कंटेनर, म्हणजे पाठीवरची पिशवी आणि हार्नेस. इथे एक फसवी गोष्ट आहे, आणि दुकानात ती कुणी आपणहून सांगेलच असं नाही. कंटेनर ठरावीक मापाची मेन आणि ठरावीक मापाची रिझर्व्ह घेईल असा शिवलेला असतो. पुढे मेन छोटी करायचीच आहे म्हणून माणूस आधीच छोटा कंटेनर घेतो, त्यात एखादी मऊ घडीची मोठी मेन कशीबशी कोंबतो, आणि रिझर्व्ह मात्र 120-130 फुटांची राहते. रिझर्व्हखाली आपण कधी उतरणार? काहीतरी बिघडल्यावर, कमी उंचीवर, अनोळखी जागी, कदाचित खांदा निखळलेला असताना, कदाचित शुद्धच नसताना. त्या क्षणी आयुष्यात कधी उडवली नाही अशी इवलीशी कॅनपी डोक्यावर असावी, हे मला कधीच पटलेलं नाही. कंटेनर निवडताना आधी रिझर्व्हचा आकडा विचारा, मेनचा नंतर.

सेकंडहँड घ्यायला काही हरकत नाही, माझी पहिली रिग सेकंडहँडच होती. फक्त पैसे देण्याआधी ती आपल्या विश्वासातल्या रिगरकडून उघडून तपासून घ्यायची. विकणारा याला नाही म्हणाला तर व्यवहार तिथेच संपला. हार्नेस अंगावर घालून बघायचा, मांड्यांचे पट्टे आवळून हवेत लटकून बघायचा. ढिला हार्नेस असेल तर माणूस आत सरकतो, हँडल जागेवरून हलतात आणि ऐन वेळी हात भलतीकडे जातो. तळाशी पायलट शूट, म्हणजे मेनला बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट, ठेवायचा लवचीक कप्पा असतो. तो सैल पडला असेल तर बदलून घ्या. फ्रीफॉलमध्ये ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात पायलट शूट आपोआप बाहेर ओढलं जाणं म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलंय ते या कप्प्याला खूप जपतात. दोऱ्यांकडेही बघा. स्पेक्ट्रा नावाच्या धाग्याच्या दोऱ्या स्लायडर (कॅनपी उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणारा कापडाचा चौकोन) घासून तापतात आणि वर्षानुवर्षांनी आखडतात. बाहेरच्या दोऱ्या जास्त आखडल्या की कॅनपीचा तोल बिघडतो, ती विचित्र उघडायला लागते आणि मालक घडीला दोष देत बसतो.

खांद्यांवर, मेनचे पट्टे जिथे हार्नेसला जोडलेले असतात, तिथे उतरत्या मापाच्या तीन कड्या एकीतून एक ओवलेल्या दिसतात. बिल बूथ या पॅराशूट बनवणाऱ्या माणसाने 1970च्या दशकात काढलेली ही युक्ती मी नव्या माणसाला हातात घेऊन दाखवते. प्रत्येक कडीमागे ताण कित्येक पटींनी कमी होतो, आणि अख्ख्या माणसाचा भार शेवटी एका बारीक लूपवर आणि त्यातून गेलेल्या पिवळ्या केबलवर येऊन थांबतो. केबल ओढली की बिघडलेली मेन सुटून जाते. त्याआधीच्या जोडण्या दोन्ही खांद्यांवर वेगवेगळ्या उघडाव्या लागत, तेही गरगर फिरत असताना. पण या तीन कड्यांनाही देखभाल लागते. महिन्यातून एकदा त्या सोडवायच्या, पट्टा हाताने चोळून, पिळून मऊ करायचा आणि केबल पुसायची. पट्टा कडक होऊन कडीच्या आकाराला धरून बसला, केबलवर धूळ-चिकटा साचला, की ओढायला जोर जास्त लागतो. इलॉयची धूळ बारीक आहे, ती सगळीकडे जाते.

जर्मनीतल्या एअरटेकने 1991 मध्ये सायप्रस नावाचं यंत्र आणलं. ते हवेचा दाब मोजत राहतं, आणि साधारण 750 फुटांखालीही माणूस ताशी 78 मैलांपेक्षा वेगाने पडत असेल तर रिझर्व्ह बंद ठेवणारी लूप कापून टाकतं. या यंत्राने असंख्य माणसं वाचली आहेत आणि त्याशिवाय मी विमानात चढणार नाही. मात्र त्याच्या मर्यादा तोंडपाठ असाव्यात. मेन अर्धवट उघडून गरगरत असेल तर वेग 78च्या खाली राहू शकतो, आणि मग यंत्र गप्प बसतं. जिथून उडायचं त्या मैदानावरच ते चालू करावं लागतं. घरी चालू करून, डोंगर चढून ड्रॉपझोनवर गेलात तर त्याचा जमिनीचा अंदाजच चुकेल.

घडीविषयी मात्र मला सावकाश बोलायचंय, कारण नवी माणसं चुकीच्या जागी जीव टाकताना दिसतात. मेनची घडी आपली आपण घालायची असते. नवीन कॅनपीचं कापड हवा अजिबात सोडत नाही आणि अतिशय निसरडं असतं. ते कंटेनरच्या आतल्या छोट्या पिशवीत बसवताना माणूस घामाघूम होतो, रडकुंडीला येतो, आणि घडी देखणी दिसावी म्हणून तासभर झटतो. कॅनपी देखणेपणा मागत नाही. निऱ्या थोड्या वेड्यावाकड्या पडल्या म्हणून लुगडं सुटत नाही, तसंच इथे. ज्या गोष्टी ती माफ करत नाही त्या मोजक्या आहेत. दोऱ्या हार्नेसपासून कापडापर्यंत सरळ, एकही कापडावरून उलटी गेलेली नाही. ब्रेक लावलेले. स्लायडर वर, चारही कोपरे थांब्यांना टेकलेले. तो खाली सरकलेला राहिला तर कॅनपी इतक्या जोरात उघडते की मान आणि पाठ दुखावू शकते. उरलेल्या दोऱ्या पिशवीवरच्या ताठ रबरांत अडकवलेल्या. आणि पायलट शूट कॉक केलेलं.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात सहज विसरते. पायलट शूटच्या लांब पट्ट्याच्या आतून एक दोरी जाते. कॅनपी उघडली की ही दोरी पायलट शूटला मिटवून टाकते, म्हणजे ते मागे फुगून ओढत राहत नाही. पुढच्या घडीत ही दोरी हाताने ओढून पुन्हा मोकळी करावी लागते. विसरलात तर पायलट शूट नुसती चिंधी होऊन मागे फडफडेल, कंटेनर बंद ठेवणारी पिन ओढणार नाही, किंवा पिशवी बाहेर काढून तशीच लटकत ठेवेल. म्हणून पट्ट्यावर एक छोटी खिडकी ठेवलेली असते. तिच्यातून दोरीचा रंग दिसला की समजायचं, तयार आहे. मी रंग बघते, त्यावर बोट ठेवते, आणि मगच कंटेनर बंद करायला घेते. मधे कुणी बोलायला आलं तर थांबते, आणि परत सुरू करताना एक पायरी मागे जाऊन सुरू करते. पैसे घेऊन घडी घालून देणारे पॅकर इथे आहेत, उत्तम काम करतात. त्यांच्याकडून घेतलेल्या रिगचीही खिडकी मी स्वतः बघते.

स्कायडायव्हर शीतल महाजनांनी 2018च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा त्या फोटोंचं आपल्याकडे खूप कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं होतं. मला त्यात दिसली ती तयारी. नऊ वार कापड तेरा हजार फुटांवरच्या वाऱ्यात हँडलवर येऊ शकतं, पट्ट्याखाली अडकू शकतं, पायलट शूटच्या वाटेत येऊ शकतं. पुण्याच्या या बाईंनी 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर पहिली उडी मारली होती. साडी नेसली तेव्हा त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचा अनुभव होता. आपल्या नव्या मुलांना मी हे कॅमेऱ्याच्या संदर्भात सांगते. हेल्मेटवर डबीएवढा कॅमेरा लावला तरी दोरी अडकायला तेवढी जागा पुरते, शिवाय लक्ष तिकडे जातं. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन ही इथली संघटना कॅमेऱ्यासाठी 200 उड्या सांगते. तो आकडा पाळा. फोटो दुसरं कुणी काढेल.

विमानात चढण्याआधी, आणि दारापाशी जाण्याआधी पुन्हा, तीन-तीन गोष्टींच्या तीन गटांवर हात फिरवायचा: खांद्यावरच्या तीन कड्या, छातीचा एक आणि मांड्यांचे दोन पट्टे, आणि तीन हँडल, म्हणजे पायलट शूट, कटअवे (बिघडलेली मेन सोडून देणारं), रिझर्व्ह. पाठीमागची पिन दुसऱ्याला दाखवायची. आणि उंची मनाशी पक्की हवी. नव्या लायसन्सवाल्याने 3,000 फुटांच्या वर पॅराशूट उघडायचं. 2,500 फुटांपर्यंत कॅनपी ताब्यात आली नाही, तर प्रयत्न थांबवायचे आणि कटअवे करून रिझर्व्ह. पूर्ण वेगात हजार फूट जेमतेम साडेपाच सेकंदांत जातात. 2,500 फुटांवर "अजून एकदा बघूया" म्हणायला सवड नसते.

टँडेमला जाणाऱ्या आपल्या पाहुण्यांसाठी एवढंच: वजन विचारलं की खरं सांगा, कारण त्यावरून हार्नेस आणि इन्स्ट्रक्टर ठरतो. उतरताना पाय उचला म्हटलं की उचला. आणि इन्स्ट्रक्टरचे हात धरू नका.

नायलॉनचा शत्रू ऊन. लँडिंग झाल्यावर कॅनपी गोळा करून लगेच सावलीत न्यायची, गप्पा नंतर. जमिनीवरून ओढत न्यायची नाही. गाडीत तापलेली रबरं ठिसूळ होतात, ती वेळेवर बदलायची. कंटेनर बंद ठेवणारी मेनची लूप जराशी विरली तरी नवी घालायची. काही पैशांची वस्तू आहे.

रिझर्व्हची घडी अमेरिकेत दर 180 दिवसांनी रिगरने नव्याने घालावी लागते. रिगर लाल दोरा आणि शिशाचं छोटं सील लावतो आणि कार्डावर तारीख टाकून सही करतो. बहुतेक जण रिग त्याच्या टेबलावर ठेवून निघून जातात. तसं करू नका. आधी विचारा, मग तिथेच रिग अंगावर चढवा, पट्टे आवळा, शक्य असेल तर टांगलेल्या हार्नेसमध्ये लटका, नजर हँडलवर न्या, आधी कटअवे आणि मग रिझर्व्ह ओढा. किती जोर लागतो, केबल किती लांब बाहेर येते, स्प्रिंगचं पायलट शूट कसं उसळून बाहेर पडतं, हे हाताला कळू द्या. आमच्या रिगरबाई यासाठी जागा मोकळी करून ठेवतात आणि एखाद्याला पहिल्या झटक्यात हँडल ओढता आलं नाही, तर हार्नेसचं माप आणि हँडलची जागा दोन्ही पुन्हा तपासतात.